‘चालत नाही’च्या पुढचं वाक्य

रात्री साडेदहाला फोनवर एक फोटो येतो. लॅपटॉपच्या पडद्याचा, तिरका, मधोमध ट्यूबलाइटचा पट्टा चमकणारा. काळ्या खिडकीत पंधरा-वीस ओळी, त्यातल्या निम्म्या वाचताच येत नाहीत. खाली एकच वाक्य: “ताई, पर्लची स्क्रिप्ट चालत नाहीये, जरा बघता का?”

फोटो पाठवणारी मुलगी निपाणीकडची. बेळगावला इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली, मग मारतहळ्ळीला पीजीत राहून चिप डिझाइनचा सहा महिन्यांचा कोर्स केला, आणि आता व्हाइटफील्डला पहिली नोकरी. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, लातूर, बेळगाव इथून अशी मुलं-मुली दर वर्षी बेंगळुरूला येतात. कुणी मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं, कुणी रात्रीच्या स्लीपर बसनं. त्यातली दोन-चार रविवारी सकाळी माझ्याकडे पोहे खायला येतात, आणि पोह्यांबरोबर लॅपटॉप उघडले जातात. गेली कित्येक वर्षं मी चिपच्या तपासणीचं, म्हणजे व्हेरिफिकेशनचं, काम करते आणि त्यात पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा रोज हाताशी असते. म्हणून मदत कशी मागायची हे, मी या मुलांना सांगते त्याच क्रमानं, इथे लिहिते आहे.

‘चालत नाही’ या दोन शब्दांत निदान पाच वेगळी दुखणी लपलेली असतात. स्क्रिप्ट सुरूच होत नाही. सुरू होते आणि मधेच थांबते. शेवटपर्यंत चालते, पण काहीच छापत नाही. छापते, पण चुकीचं छापते. किंवा काल बरोबर छापत होती आणि आज नाही. या प्रत्येकावर शोधाची वाट वेगळी आहे. यातलं कोणतं, एवढं सांगितलं तरी समोरच्याचा अर्धा तास वाचतो. आणि फोटो नको, मजकूर हवा. फोटोत साधं अवतरणचिन्ह आणि उलटं अवतरणचिन्ह यांत फरक दिसत नाही, टिंब आहे की स्वल्पविराम ते कळत नाही. शिवाय फोटो चालवून बघता येत नाही, मजकूर येतो.

पर्लशी गाठ पडण्याचं इथलं मुख्य कारण चिप. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९८५ मध्ये बेंगळुरूत आपलं केंद्र काढलं, आणि त्यानंतर चिपचा आराखडा करण्याचं आणि तपासण्याचं काम या शहरात वाढतच गेलं. चिप कारखान्यात जाण्याआधी तिचा आराखडा संगणकावर पुन्हा पुन्हा चालवून बघतात. अशा एकेका चाचणीला आम्ही टेस्ट म्हणतो, आणि सगळ्या टेस्ट रात्रभर एका दमात चालवण्याला रिग्रेशन. सकाळी प्रत्येक टेस्टची एक लॉग फाइल पडलेली असते. कोणती टेस्ट पास, कोणती फेल, फेल असेल तर पहिली एरर कितव्या नॅनोसेकंदाला आली, हे सगळं वेचून एका तक्त्यात मांडायचं असतं. मजकुराच्या ढिगातून हवा तेवढाच मजकूर उचलण्याचं हे काम, आणि पर्ल जन्मली तीच मुळी अशा कामासाठी. जीवशास्त्रातले विद्यार्थीही याच कारणानं तिच्याकडे येतात, कारण जनुकांचा क्रम म्हणजे शेवटी चार अक्षरांचा लांबलचक मजकूरच. मानवी जनुकांच्या मोठ्या प्रकल्पात वेगवेगळ्या प्रयोगशाळांची माहिती एकमेकींशी जुळवायला १९९० च्या दशकात पर्ल फार उपयोगी पडली होती.

लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ ला प्रसिद्ध केली. आज वापरात आहे ती पाचवी आवृत्ती १९९४ ची. तिच्यात भर पडत राहिली, पण पाया तोच. वॉल भाषाशास्त्र शिकलेले. ज्या भाषेला लिपी नाही अशी एखादी भाषा शोधून तिच्यासाठी लिपी तयार करायची, असं त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं ठरवलं होतं. तब्येतीमुळे ते राहून गेलं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण पर्ल शिकताना नवखा जिथे जिथे अडखळतो तिथे बहुतेक वेळा भाषाशास्त्रज्ञाचा हात दिसतो. नव्या टीम आता पायथनकडे वळल्या आहेत, हे खरं. पण चिपच्या कामात पंधरा-वीस वर्षं बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट कुणी उगीच टाकून देत नाही, आणि नव्या माणसाला पहिल्या महिन्यात काम मिळतं ते असं: “या जुन्या पर्ल स्क्रिप्टमध्ये एक रकाना वाढवून दे.”

तर, पहिली गोष्ट. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘यूज स्ट्रिक्ट’ आणि ‘यूज वॉर्निंग्ज’ या दोन ओळी आहेत का ते बघायचं. नसतील तर आधी स्वतःची एक प्रत करून तिच्यात घालायच्या आणि मगच मदत मागायची. स्ट्रिक्ट असेल तर प्रत्येक चल, म्हणजे व्हेरिएबल, वापरण्याआधी ‘माय’ लिहून जाहीर करावा लागतो. त्यामुळे ‘टोटल’च्या जागी चुकून ‘टोटाल’ टाइप झालं तर पर्ल जागेवर अडवते. स्ट्रिक्ट नसेल तर ती ‘टोटाल’ नावाचा नवा, रिकामा चल मुकाट्यानं तयार करते आणि पुढे जाते. वॉर्निंग्ज असतील तर संशयास्पद जागा ती बोलून दाखवते, पण काम थांबवत नाही. प्रत करायला सांगते त्याला कारण आहे: जुन्या स्क्रिप्टमध्ये या ओळी घातल्या की कधीकधी शेकडो सूचनांचा पाऊस पडतो, आणि टीमच्या मूळ फाइलमध्ये तो पाडायचा नसतो.

दुसरी गोष्ट, एरर वाचायची. हे सांगावं लागतं, कारण लाल अक्षरं दिसली की माणूस खिडकी बंद करतो. पर्लच्या बहुतेक एररच्या शेवटी फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. एरर खूप आल्या तरी सगळ्यात वरची आधी घ्यायची; खालच्या बऱ्याचदा तिचीच पिल्लं असतात. आणि क्रमांक आठव्या ओळीचा असला तरी सातवी ओळही बघायची. सातवीच्या शेवटचा अर्धविराम राहिला असेल तर पर्लला ते कळतं आठवीवर पोचल्यावर.

त्या रात्रीच्या फोटोत एरर होती, आणि ती नीट वाचली तर उत्तर तिच्यातच होतं. चिपमध्ये एकाच नावाच्या अनेक तारांचा जुडगा असतो, त्याला बस म्हणतात. त्यातली ३ क्रमांकाची तार ‘डेटा[३]’ अशी लिहितात. मुलीनं $बस या चलात ‘डेटा’ हा शब्द ठेवला होता, आणि छापताना दुहेरी अवतरणात लिहिलं होतं: "$बस[३]". (इथे नावं मी मराठीत लिहिते आहे, पण ‘यूज यूटीएफ-८’ ही ओळ घातली तर पर्ल देवनागरी नावंही खरोखर स्वीकारते.) एरर म्हणत होती की @बस जाहीर केलेलं नाही. मुलगी म्हणाली, “ताई, पण मी तर वरच माय लिहून बस जाहीर केलंय!”

तिनं जाहीर केलं होतं $बस. एरर बोलत होती @बस बद्दल. पर्लमध्ये नावाआधीचं चिन्ह शोभेचं नसतं. डॉलर म्हणजे एक वस्तू, @ म्हणजे रांगेत मांडलेल्या अनेक, आणि % म्हणजे नाव सांगितलं की किंमत देणारी जोड्यांची यादी, म्हणजे हॅश. आता ‘ते आंबे’ म्हणताना आपण अनेकवचन वापरतो, पण त्यातला पहिला मागताना ‘तो आंबा’ म्हणतो. पर्लही तसंच करते. सगळी रांग @आंबे, पण रांगेतला एक मागितला की $आंबे[०], कारण मागितलेली वस्तू एकच आहे. म्हणून अवतरणात $बस[३] दिसल्यावर पर्ल समजली की @बस नावाच्या रांगेतलं एक घर मागितलंय. तशी रांगच नव्हती, तेच ती सांगत होती. चौकटी कंसाच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली की कंस नुसता कंस राहतो, आणि काम झालं.

हाच चौकटी कंस शोधाच्या नमुन्यात, म्हणजे रेगेक्समध्ये, आणखी वेगळा त्रास देतो. तिथे [३] चा अर्थ ‘यातलं कोणतंही एक अक्षर’ असा होतो. ‘डेटा[३]’ शोधायला गेलात तर सापडतं ‘डेटा३’, आणि खरी तार सापडतच नाही. यावर ‘कोटमेटा’ नावाचा उपाय भाषेतच आहे; तो सगळ्या खास चिन्हांची धार काढून घेतो.

एरर येते ती स्क्रिप्ट मी आजारी मानत नाही. ती निदान बोलते तरी. भीती वाटते ती न बोलणाऱ्या चुकीची. एकदा एका नव्या मुलानं रिग्रेशनचा तक्ता करणारी स्क्रिप्ट लिहिली. सकाळी तक्ता उघडला तर सगळ्या टेस्ट पास. सगळे खूश. टीमच्या मुख्य बाईंनी सहज म्हणून एक लॉग उघडला, त्याची शेवटची ओळ फेल. दुसरा उघडला, तोही फेल. तक्त्यात मात्र दोन्ही हिरवे. सुदैवानं हे पहिल्याच सकाळी सापडलं. आणखी महिनाभर सापडलं नसतं तर दोष असलेला आराखडा पुढे सरकला असता, आणि चिप एकदा छापून आली की त्यातली चूक दुरुस्त करायला पुन्हा पहिल्यापासून खर्च करावा लागतो.

मुलानं लिहिलं होतं ते असं: निकाल == "पास" असेल तर हिरवा. वाचताना यात काही खुपत नाही. पण पर्लमध्ये तुलना करायला दोन वेगळे शब्द आहेत. == हे आकड्यांसाठी, आणि ‘ईक्यू’ हे मजकुरासाठी. पर्लच्या चलाला स्वतःची जात नसते. त्यात आकडा आहे की मजकूर हे वापरणारं क्रियापद ठरवतं. == म्हटलं की पर्ल दोन्ही बाजूंचे आकडे करते. मजकुराच्या सुरुवातीला आकडा असेल तर तेवढा घेते आणि बाकीचं सोडून देते. ‘पास’च्या सुरुवातीला आकडा नाही, म्हणून शून्य. ‘फेल’चंही शून्य. शून्य बरोबर शून्य. सगळे पास.

हेच दुसऱ्या रूपात आणखी धोक्याचं आहे. ‘१० नॅनोसेकंद’ आणि ‘१० पिकोसेकंद’ यांची == नं तुलना केली तर ते समान ठरतात, कारण दोन्हीतून उरतो फक्त १०. (लॉगमध्ये अर्थात इंग्रजी आकडे असतात, पर्ल आकडा म्हणून तेच ओळखते.) एकात आणि दुसऱ्यात हजारपटीचा फरक आहे! उलट्या बाजूनं, लॉगमधून वाचलेल्या आकड्यांवर ईक्यू चालवलं तर १ आणि १.० वेगळे ठरतात, कारण मजकूर म्हणून ते वेगळेच आहेत. कॉलेजात पायथन शिकून आलेल्या मुलांचा इथे हमखास पाय घसरतो. तिथे == मजकुरालाही चालतं, आणि हाताची सवय लवकर सुटत नाही. वॉर्निंग्जची ओळ असती तर पर्लनं तिथल्या तिथे सांगितलं असतं की ‘फेल’ हा आकडा नाही आणि तुम्ही आकड्यांची तुलना करताय. त्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ नव्हती. म्हणून मी दर वेळी आधी त्या दोन ओळींबद्दल विचारते, आणि मुलं कंटाळली तरी विचारत राहणार आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते नवख्यांनी सगळ्यात आधी हातात बसवावी अशी. चलात आपल्याला वाटतंय तेच आहे का, हे डोळ्यांनी बघणं. नुसतं छापून बघणं पुरेसं नाही. दोन्ही बाजूंना चौकटी कंस लावून छापायचं.

कारण असं. फाइलमधून वाचलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘नवी ओळ’ हे न दिसणारं अक्षर चिकटून येतं. ‘चॉम्प’ लिहून ते काढावं लागतं. राहिलं तर ‘क्लॉक’ आणि ‘क्लॉक अधिक नवी ओळ’ हे दोन वेगळे शब्द होतात, आणि हॅशमध्ये शोधलं की सापडत नाही. नुसतं छापलं तर दोन्ही सारखेच दिसतात. कंस लावून छापलं तर बंद होणारा कंस पुढच्या ओळीवर जाऊन पडतो. दिसला की कळलं: चॉम्प राहिलं.

पण एके दिवशी एका मुलानं वैतागून विचारलं, “ताई, चॉम्प केलंय, तरी सापडत नाही. आणि कंस लावून छापलं तर हे असलं येतंय.” पडद्यावर होतं: ]क्लॉक. उघडणारा कंस गायब, आणि बंद होणारा कंस शब्दाच्या पुढे! मी विचारलं, “सिग्नलांची यादी कुणी दिली? विंडोजवर तयार केलेली आहे का?” होती. एक्सेलमधून काढून मेलनं पाठवलेली.

जे आपल्या गावच्या टायपिंगच्या क्लासात टंकलेखन शिकले असतील त्यांना हे लगेच कळेल. ओळ संपली की आपण डावीकडची दांडी ढकलायचो. त्या एका ढकलीत दोन कामं व्हायची: कागद एक ओळ वर सरकायचा आणि गाडी परत सुरुवातीला यायची. संगणकानं ही दोन कामं दोन अक्षरं म्हणून ठेवली. गाडी परत आणणं हे १३ क्रमांकाचं अक्षर, कागद सरकवणं हे १० क्रमांकाचं. लिनक्समध्ये ओळीच्या शेवटी फक्त १० असतो. विंडोजमध्ये आधी १३, मग १०. आमचे सर्व्हर लिनक्सचे, तिथे चॉम्प फक्त १० काढतं. १३ तिथेच बसून राहतो. छापताना पर्लनं उघडा कंस छापला, ‘क्लॉक’ छापलं, मग १३ आला आणि गाडी ओळीच्या सुरुवातीला गेली. नंतरचा बंद कंस पहिल्या घरात, उघड्या कंसाच्या डोक्यावर बसला. त्या मुलानं कंस लावले नसते तर दिवसभर बसला असता. उपाय अर्ध्या ओळीचा आहे: शेवटची सगळी मोकळी अक्षरं पुसून टाकणारा एक बदल, किंवा फाइल आधीच ‘डॉस-टू-युनिक्स’मधून काढणं.

एवढं करूनही सुटलं नाही, तर माणसाला विचारायचं. त्याआधी नमुना तयार करायचा, आणि खरी मेहनत इथे आहे. तीनशे ओळींची स्क्रिप्ट आणि चाळीस हजार ओळींची लॉग फाइल कुणाच्याही हातात देऊन ‘बघा’ म्हणणं बरोबर नाही. आणि चिपच्या कंपन्यांत तर ते चालणारच नाही, कारण आतला मजकूर बाहेर दाखवायचा नाही असा करार केलेला असतो. तेव्हा प्रत घ्यायची आणि कापत जायचं. निम्मी स्क्रिप्ट काढली, चूक अजून येते का? येते, तर उरलेल्यातली निम्मी काढायची. गेली, तर काढलेल्या भागात काहीतरी होतं. लॉगच्या चाळीस हजार ओळींतून जिच्यामुळे बिनसतं ती एक आणि जिच्यामुळे बिनसत नाही अशी एक, एवढ्या ठेवायच्या. सिग्नलांची खरी नावं बदलून आंबा, पेरू ठेवायची.

इथे पर्लची एक सोय मला फार आवडते. स्क्रिप्टच्या शेवटी, अधोरेषांच्या दोन जोड्यांमध्ये ‘डेटा’ लिहिलं की पर्ल तिथे प्रोग्रॅम वाचणं थांबवते. त्याखालच्या ओळी ती फाइल समजून वाचायला देते. म्हणजे प्रश्न आणि त्याचा कच्चा माल एकाच कागदावर. समोरच्यानं उचलावं, चिकटवावं, चालवावं. त्याला तुमच्यासारखंच उत्तर दिसणार. सोबत पर्लची आवृत्ती सांगायची. कामाच्या ठिकाणी जुने सर्व्हर असतात: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत पर्ल ५.१६ येते, आठवीत ५.२६. हा फरक नावापुरता नाही. २०१३ मधल्या ५.१८ पासून हॅशमधल्या जोड्यांचा क्रम प्रत्येक वेळी मुद्दाम बदलता केला आहे. जुन्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं एकाच क्रमानं तक्ता देणारी स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर दर वेळी वेगळा क्रम देऊ लागते, ती यामुळे. ‘काल चालत होती, आज नाही’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, सर्व्हर बदलला का.

याच हॅशवरून आणखी एक सांगते. मुलं विचारतात, “हॅशमध्ये घातल्याचा क्रम कसा टिकवायचा?” याचं उत्तर आहे, पण लांबचं. मी विचारते, “कशाला हवाय?” तर म्हणतात, तक्त्यात टेस्टची नावं वर्णक्रमानं यायला हवीत. मग क्रम टिकवायची गरजच नाही. छापताना ‘सॉर्ट’ हा एक शब्द पुरतो. मनात स्वतःच एक वाट धरायची आणि त्या वाटेवर अडलं की फक्त त्या अडथळ्याबद्दल विचारायचं, असं सगळ्यांचं होतं. म्हणून प्रश्नात शेवटी कुठे पोचायचंय ते आधी लिहायचं.

माणसाला विचारण्याआधी ‘पर्लडॉक’लाही विचारायचं. पर्लची सगळी कागदपत्रं तिच्याबरोबरच बसवता येतात, आणि चिपच्या कामाचे सर्व्हर पुष्कळदा इंटरनेटपासून तोडलेले असतात, तिथे याची किंमत कळते. ‘स्प्लिट’ कसं वागतं हे हवं असेल तर पर्लडॉकला ‘-एफ’ लावून त्याचं नाव सांगायचं. पहिल्या वाचनात सगळं कळत नाही. उदाहरणं मात्र कळतात.

आता जी गोष्ट तंत्राची नाही तिच्याबद्दल. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथल्या मीटिंगमध्ये गप्प बसतात. आजूबाजूला कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, आणि त्या सगळ्यांवर इंग्रजी. प्रश्न पोटात असतो. तो इंग्रजीत कसा मांडू या विचारात संध्याकाळ होते. मग रात्री साडेदहाला तिरका फोटो येतो. मी सांगते, आधी मराठीत लिही. मला काय हवंय. मी काय केलं. काय व्हायला हवं होतं. त्याऐवजी काय झालं. चार वाक्यं मराठीत नीट बसली की इंग्रजीत न्यायला शाळेतलं इंग्रजी पुरतं, कारण मधले सगळे शब्द तर स्क्रिप्टमधलेच असतात. आणि जे उत्तर देतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ‘एवढंही येत नाही?’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. ते ऐकलेलं मूल पुन्हा विचारत नाही. त्याच्या स्क्रिप्टमधलं == तसंच राहतं, आणि तक्ता हिरवा दिसत राहतो.

निपाणीच्या मुलीचा सहा महिन्यांनंतरचा प्रश्न माझ्याकडे अजून आहे. अकरा ओळींची स्क्रिप्ट, डेटासकट. वर चार वाक्यं. लॉगच्या ओळीतून टेस्टचा क्रमांक काढायचा होता; १०४२ यायला हवा, येतंय फक्त १. रेगेक्स बरोबर आहे, ते वेगळं तपासलंय. मी उत्तर दोन चिन्हांत दिलं. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे तिनं माय $क्रमांक लिहिलं होतं, मी त्याभोवती कंस घातले: माय ($क्रमांक).

रविवारी ती आली तेव्हा का ते सांगितलं. ‘दगड’ हा शब्द घे. एक असो की दहा, शब्द तोच. दगड पडला म्हटलं की एक, दगड पडले म्हटलं की अनेक, वाक्य ठरवतं. पर्लमधला शोधही असाच. डावीकडे एकटी वस्तू असेल तर तो समजतो की विचारलंय, ‘सापडलं का?’, आणि सापडलं असेल तर १ देतो. डावीकडे कंस असले तर समजतो की विचारलंय, ‘काय काय सापडलं?’, आणि सापडलेला मजकूर देतो.

तिनं वहीत ‘पडला, पडले’ लिहून घेतलं. मग म्हणाली, “ताई, आमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये एके ठिकाणी मधेच नुसते रिकामे कंस आहेत. एका बाजूला चल, बरोबर, रिकामे कंस, बरोबर, आणि मग शोध. चुकून राहिलेत वाटून मी पुसणार होते, पण म्हटलं आधी विचारावं.”

मी म्हटलं, पुसू नकोस, डेटाखाली एक ओळ लिही आणि चालव. तिनं एका ओळीत चार वेळा ‘एरर’ लिहिलं, शोधाला सगळे शोध म्हणून सांगितलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर ४ आला. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे अनेकवचनात विचारलं, ठेवलं काहीच नाही, आणि किती होते ते मोजलं?”

“हो,” मी म्हटलं. पोहे गार झाले होते, ते परत गरम करायला मी उठले.